स्विंडनमध्ये राहून ड्रुइडरी शिकताना

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात राहायला आल्यावर बरीच वर्षं मला इथल्या एकाही झाडाचं नाव माहीत नव्हतं. नवऱ्याची आणि माझी नोकरी, मुलीची शाळा, शनिवारचं वाणसामान, थोडी मराठी घरं, आणि शहरात गोव्याची माणसं पुष्कळ असल्यामुळे बांगडा-सुरमईची सोय, यात दिवस जात होते. गणपती येत होते, दिवाळीचा फराळ होत होता. नोव्हेंबर मात्र दरवर्षी अंगावर यायचा. चार वाजता सूर्य मावळायचा. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार. त्या महिन्यात मी आईला फोन करून आधी विचारायचे, तिकडे ऊन आहे का?

मार्च 2020मध्ये टाळेबंदी आली आणि दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा मिळाली. मी रोज कोट वॉटरला जायला लागले. हा शहराच्या कडेचा तलाव, कालव्याला पाणी पुरवण्यासाठी 1822मध्ये बांधलेला. त्याच्या जवळच्याच एका शेतघरात रिचर्ड जेफरीज हा निसर्गलेखक 1848 साली जन्मला. 2020चा तो वसंत युनायटेड किंगडममध्ये नोंदी सुरू झाल्यापासून तोपर्यंतचा सर्वांत जास्त उन्हाचा ठरला. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, त्यामुळे पक्षी ऐकू येत होते. तलावाच्या वाटेवर एका काटेरी झुडपावर पानं यायच्या आधीच पांढरी फुलं आली होती. महिन्याभरानं शेजारच्या, जवळजवळ तशाच दिसणाऱ्या झुडपावर आधी पानं आली आणि मे महिन्यात फुलं. पहिलं ब्लॅकथॉर्न, दुसरं हॉथॉर्न, हे मला फोनवरच्या एका ॲपनं सांगितलं. पण नाव कळल्यावर समाधान होईना. त्या झाडाशी आपलं काहीतरी नातं असावं आणि ते कसं जोडायचं हे कुणीतरी शिकवावं, असं वाटायला लागलं.

ऑफिसमधल्या एका वेल्श मैत्रिणीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "माझी मावशी ड्रुइड आहे, तिच्याशी बोल." पश्चिम युरोपातल्या प्राचीन केल्टिक लोकांच्या पुरोहितांना ड्रुइड म्हणत; त्यांच्या नावानं आज चालणारा, निसर्गाशी नातं जोडणारा अध्यात्माचा मार्ग म्हणजे ड्रुइडरी. मी मावशीबाईंशी व्हिडिओवर बोलले. सत्तरीतल्या, निवृत्त नर्स. त्यांनी मला देवाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. तुझ्या घरापासून सर्वांत जवळची नदी कुठली, तिचं पाणी कुठून येतं, आणि आज चंद्र कितवा आहे, एवढंच विचारलं. तिथी मला सांगता आली, कारण आदल्याच दिवशी संकष्टी होती. नदीचं सांगता आलं नाही.

त्यांच्याकडून मला 'ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स'ची माहिती मिळाली. सगळे त्याला ओबॉड म्हणतात. रॉस निकल्स या कवी-शिक्षकानं 1964 साली ही संस्था काढली. त्यांच्या मृत्यूनंतर ती थंडावली होती. 1988मध्ये फिलिप कार-गॉम यांनी ती पुन्हा उभी केली आणि टपालानं घरबसल्या शिकायचा कोर्स सुरू केला. 2020मध्ये त्यांनी सूत्रं आयर्लंडच्या ईमर बर्क यांच्याकडे दिली. शिक्षणाचे तीन टप्पे आहेत: बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड. बार्ड म्हणजे कवी, गाणारा, गोष्टी जपणारा. ओव्हेटचा संबंध झाडांशी, औषधींशी, पूर्वजांशी. ड्रुइडकडे विधी चालवणं आणि मार्गदर्शन येतं. पहिल्या टप्प्याला साधारण वर्ष लागतं, पुढे ज्याला जेवढा वेळ घ्यायचा तेवढा. कोर्सला पैसे पडतात, पण स्वतःचा धर्म सोडावा लागत नाही. माझ्याबरोबरच्यांमध्ये ख्रिस्ती आहेत, बौद्ध आहेत, देव न मानणारेही आहेत. मार्च 2021च्या जनगणनेत मी धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलं, आणि त्याच आठवड्यात वसंतसंपाताचा विधीही केला.

नाव नोंदवण्याआधी मी इतिहास वाचला. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझा निर्णय त्यावरच झाला.

जुन्या ड्रुइडांबद्दल खात्रीनं सांगता येईल असं फार थोडं आहे. लोहयुगातल्या केल्टिक समाजातले ते पुरोहित, न्यायाधीश आणि विद्वान. स्वतःबद्दल त्यांनी एक ओळ लिहून ठेवली नाही. जे कळतं ते परक्यांकडून. ज्युलियस सीझर लिहितो की त्यांच्यातले काही वीस वर्षं शिकत आणि सगळं तोंडपाठ करत. रोमन लेखक प्लिनी लिहितो की पांढऱ्या वस्त्रातले ड्रुइड चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवरचं मिसलटो नावाचं बांडगूळ सोन्याच्या विळ्यानं कापत. इसवी सन 60च्या सुमारास रोमन सैन्यानं वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर जाऊन त्यांच्या पवित्र राया तोडल्या. स्टोनहेंज हे दगडांचं वर्तुळ त्यांनी बांधलेलं नाही. सीझरच्या काळातही ते दोन हजार वर्षांहून जुनं होतं. 18व्या शतकात विल्यम स्टुकली या अभ्यासकानं एव्हबरी आणि स्टोनहेंज ही दोन दगडी वर्तुळं फार काळजीपूर्वक मोजली आणि ती ड्रुइडांची देवळं म्हणून सांगितली. मोजमापं उपयोगी ठरली, निष्कर्ष चुकीचा होता. मग योलो मॉर्गानुग आला. वेल्समधला गवंडी, कवी. 1792 साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्यानं बार्डांची पहिली सभा भरवली आणि हा प्राचीन विधी आहे असं सांगितलं. जुन्या पोथ्यांतलं म्हणून त्यानं पुढे ठेवलेलं पुष्कळसं त्यानं स्वतःच रचलं होतं, हे नंतरच्या विद्वानांनी दाखवून दिलं. आज आम्ही जी ड्रुइड प्रार्थना म्हणतो ती त्याचीच. संरक्षण माग, संरक्षणातून बळ, बळातून समज, समजेतून ज्ञान, ज्ञानातून न्यायाची जाण, तिच्यातून न्यायाबद्दल प्रेम, आणि तिथून सगळ्या अस्तित्वाबद्दल प्रेम, अशी ती एकेक पायरी चढत जाते. वर्षाचे आठ सण एका चक्रात बसवण्याचं काम तर 20व्या शतकाच्या मध्यावर झालं, त्यात निकल्स यांचाही हात होता.

माझा नवरा म्हणाला, "म्हणजे हे सगळं नवीनच आहे की." होय, नवीन आहे, आणि इथली माणसं ते उघडपणे सांगतात. माझा विश्वास तिथे बसला. आमच्यात हे पाच हजार वर्षांपासून चालत आलंय, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी परत फिरले असते.

नाव नोंदवलं. धडे यायला लागले. धड्याला ग्वेर्स म्हणतात, वेल्श शब्द आहे. आठवड्याला एक वाचायचा, त्यातलं करून बघायचं, वहीत लिहायचं. धड्यांचा मजकूर बाहेर सांगायचा नाही असा संकेत आहे, तो मी पाळते. पण ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत त्या सांगायला हरकत नाही. डोळे मिटून मनातल्या एका राईत जायचं असतं, आणि ती राई वर्षभर हळूहळू ओळखीची होत जाते. 'अवेन' हा स्वर दीर्घ लावायचा असतो; प्रेरणा वाहून येते ती अवेन, अशी कल्पना आहे. आणि वर्षभर एक वेल्श कथा सोबत असते. केरिड्वेन नावाची जादूगारीण आपल्या कुरूप मुलासाठी ज्ञानाचा काढा कढईत वर्षभर उकळत ठेवते. ढवळायला ग्विऑन नावाचा पोऱ्या ठेवते. शेवटी काढ्याचे तीन थेंब उडून त्याच्या अंगठ्यावर पडतात, भाजतं म्हणून तो अंगठा तोंडात घालतो, आणि सगळं ज्ञान त्याला मिळतं. ती त्याच्या मागे लागते. तो ससा होतो, ती शिकारी कुत्री. तो मासा, ती पाणमांजर. तो पक्षी, ती बहिरी ससाणा. शेवटी तो खळ्यावरच्या राशीत धान्याचा दाणा होऊन लपतो, ती कोंबडी होऊन तो गिळते. नऊ महिन्यांनी तिच्याच पोटी तो टॅलिएसिन, सर्वांत मोठा बार्ड, म्हणून जन्मतो.

या दाण्यापाशी मी फार दिवस अडकून राहिले. आधीचे तीनही पळून जाण्याचे प्रयत्न होते. दाणा पळत नाही. परदेशात आल्यापासून मीही पळतच होते, नोकरीतून नोकरीत, घरातून घरात, दर डिसेंबरला तिकिटं काढून भारतात. हे मी माझ्या मार्गदर्शकाला लिहिलं. प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो. काही धडे झाले की त्यांना पत्र किंवा ईमेल लिहायची. माझ्या मार्गदर्शक उत्तरेकडच्या, स्कॉटलंडच्या सीमेजवळ राहणाऱ्या बाई. त्यांनी उत्तरात लिहिलं की पुढचं लेखन तुझ्या भाषेत कर, मला कळलं नाही तरी चालेल. मी इतके दिवस इंग्रजीत कविता करायचा प्रयत्न करत होते. त्या पत्रानंतर ओव्या लिहायला लागले, आजी जात्यावर म्हणायची त्या चालीवर, हॉथॉर्नवर आणि इथल्या केनेट नदीवर. आधी शब्द तोंडात बसल्याशिवाय कागदावर घ्यायच्या नाहीत असा नियम केला. बार्डानं पाठांतर करावं, या अपेक्षेला आजीची पद्धत अगदी धरून होती.

बार्डची दीक्षा एकट्यानंही घेता येते. मी ती घरामागच्या बागेत घेतली. काय म्हणायचं, काय ठेवायचं हे दिलेलं असतं, ते सांगणार नाही. आधी चारी दिशांना तोंड करून शांतता आहे का असं विचारायचं असतं, मग वर्तुळ, मग पूर्वेचा ससाणा, दक्षिणेचं शिंगांचं मोठं हरिण, पश्चिमेचा सामन मासा, उत्तरेचं अस्वल, यांना हाक. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून पाहिलं आणि हात हलवून ते आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी त्यांच्या सफरचंदाच्या झाडाखाली बसायला मला बोलावलं, कारण ते झाड त्यांच्या बायकोनं लावलं होतं आणि तिच्यामागे त्याच्याशी बोलायला घरात कुणी नव्हतं. आता जानेवारीत आम्ही त्या झाडाला गाणं म्हणतो आणि त्याच्या फांदीत सफरचंदाच्या रसात भिजवलेला पावाचा तुकडा ठेवतो. वासेल नावाची ही इथली जुनी रीत आहे. ती ड्रुइडांची नाही, बागायतदारांची आहे.

त्या पहिल्या वर्षात भेटीगाठी पडद्यावरच होत्या. पण त्यातूनच मला या मार्गाची एक मोठी गोष्ट कळली. उन्हाळी अयनदिनाला आम्ही सगळे जमलो तेव्हा ऑस्ट्रेलियातली एक बाई लोकरीच्या शालीत, मेणबत्ती लावून बसली होती. तिच्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस होता. आम्ही बेल्टेन करतो, म्हणजे मेच्या सुरुवातीला फुलांचा सण, तेव्हा दक्षिण गोलार्धातले लोक साविन करतात, पूर्वजांचा, अंधाराकडे जाण्याचा सण. दोन्ही एकाच बैठकीत होतात. ब्राझीलचा एक मुलगा म्हणाला की त्याच्याकडे थंडी-उन्हाळ्यापेक्षा पाऊस येणं-जाणं महत्त्वाचं आहे, त्यामुळे त्याच्या गटानं चक्रच वेगळं आखलं आहे.

ते ऐकून मी कोकणाचा विचार केला. भारतात कुणाला ड्रुइडरी करावीशी वाटली तर काय करावं, असं मला अधूनमधून विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की रत्नागिरीत इम्बोल्क करण्यात काही अर्थ नाही. इम्बोल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो, कारण इथे तेव्हा मेंढ्यांना दूध उतरतं आणि बर्फाळ मातीतून स्नोड्रॉपची फुलं वर येतात. आमच्या गावी त्या वेळी काजूला मोहोर असतो. तिथलं वर्ष मे संपताना काजव्यांनी, पावशाच्या 'पेरते व्हा'नं आणि मृगानं फिरतं. चक्र तिथूनच आखलं पाहिजे. आणि ते आखायला ओबॉडची काही गरज नाही. आमच्या गावात ते आखलेलं आहे.

आईला हे सगळं सांगायला मी उशीर केला नाही, पण कसं सांगावं ते कळत नव्हतं. ती थेट म्हणाली, "देव बदललास का?" मी म्हटलं, नाही. "मग नैवेद्य काय असतो त्यांचा?" पाव आणि मीड, मी म्हटलं, म्हणजे मधाची दारू, आमच्या गटात बरेच जण सफरचंदाचा रस घेतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "राईत बसता ना? मग रस घ्या." आमच्या गावच्या सोमजाई देवीच्या राईत दारू चालत नाही, ती मर्यादा तिला इथेही लागू वाटली.

ती राई माझ्या लहानपणी घरापासून दहा मिनिटांवर होती. सातवीण, किंजळ, ऐन, आणि आत काळोख. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा अशा नियमांमुळेच कितीतरी जुनी झाडं टिकल्याचं त्यांनी दाखवलं. मला ते नंतर वाचून कळलं. लहानपणी फक्त माहीत होतं की तिथलं काही न्यायचं नाही.

निर्बंध उठल्यावर मावशीबाईंच्या ओळखीनं मी इथल्या एका छोट्या गटात गेले. अशा गटाला सीड ग्रुप म्हणतात. आमच्यात एक पोस्टमन आहे, एक शाळेतली स्वयंपाकीण, एक निवृत्त पूल-अभियंता, मावशीबाई आणि मी. आम्ही बहुतेक वेळा एव्हबरीच्या आसपास भेटतो. एव्हबरी म्हणजे जगातलं सर्वांत मोठं दगडी वर्तुळ, बाहेरचा व्यास 300 मीटरहून जास्त, आणि त्याच्या पोटात अख्खं गाव, पबसकट. त्या दगडांमधून मेंढ्या चरत असतात आणि कुणीही जाऊन दगडाला हात लावू शकतं. कितीतरी दगड मातीत पुरलेले होते. मुरंब्याच्या धंद्यातून पैसा मिळालेल्या अलेक्झांडर कायलर यांनी 1930च्या दशकात ते पुन्हा उभे केले. 1993पासून तिथे सगळ्यांना खुले असे सण साजरे होतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या चेहऱ्याकडे बघतील, कुठून आलीस असं विचारतील. कुणी विचारलंही, पण पुढचा प्रश्न होता, "तुमच्याकडच्या पावसाचं एखादं गाणं येतं का?" विधी झाला की आयस्टेथवोद होतो, ज्याला जे येतं ते त्यानं म्हणायचं. मी आजीची ओवी म्हटली. अर्थ कुणी विचारला नाही. पोस्टमननं दुसऱ्या कडव्याला सूर धरला.

एव्हबरीहून थोडं चालत गेलं की सिल्बरी हिल लागतं, युरोपातला सर्वांत मोठा प्रागैतिहासिक मानवनिर्मित ढीग, आणि त्याच्याजवळ स्वॉलोहेड झरा. केनेट नदीच्या उगमांपैकी हा एक. मोठे दगड टाकून केलेल्या वाटेनं नदी ओलांडायची. उन्हाळ्यात कधीकधी झरा कोरडा असतो, खडूच्या दगडातलं पाणी हिवाळ्यात भरतं आणि मग वाहायला लागतं. झऱ्यावर वाकलेल्या विलोला लोक नवसाच्या चिंध्या आणि रिबिनी बांधतात. मी पाहिलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच नायलॉनच्या होत्या, फांदीत रुतलेल्या. जवळच्या वेस्ट केनेटच्या पाच हजार वर्षांहून जुन्या थडग्यात लोक मेणबत्त्या लावून जातात, त्यांचं मेण आणि काजळी दगडावर बसते. मी गटात म्हटलं की आमच्या राईत काही न्यायचं नाही, इथे काही ठेवायचंही नको. चर्चा बरीच झाली. स्वयंपाकीण बाईंनी त्यांच्या आईसाठी तिथे रिबीन बांधलेली होती, त्यांना ते जड गेलं. पण शेवटी तसं ठरलं. आता झऱ्यावर आम्ही गातो, ओंजळभर पाणी कपाळाला लावतो, आणि येताना पिशवीभर कचरा घेऊन येतो. त्या बाईंनी आपली रिबीन स्वतः सोडवली आणि तिच्याऐवजी घरच्या बागेत हेझल लावलं.

दुसऱ्या एका ठिकाणी माझी या सगळ्याबद्दलची समजूत पक्की झाली. स्विंडनच्या पूर्वेला अफिंग्टनच्या टेकडीवर खडूचा पांढरा घोडा आहे, सुमारे 110 मीटर लांब, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचा. डोंगराच्या अंगात चर खणून त्यात खडू ठासून तो काढलेला आहे. गवत सतत कडेनं आत येत असतं. देखभाल थांबली तर काही दशकांत घोडा दिसेनासा होईल. म्हणून पिढ्यानपिढ्या लोक वर जाऊन गवत काढत आले, नवा खडू ठोकत आले. आता वारसास्थळं जपणारा नॅशनल ट्रस्ट उन्हाळ्यात स्वयंसेवकांना बोलावतो. मीही गेले. हातोडी, गुडघ्याखाली उशी, बादलीतला खडू. दिवसभरात घोड्याच्या अंगाचा अगदी छोटा तुकडा झाला. मूळ कुणी, कशासाठी काढला हे ठोकणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, पूर्वी ठोकणाऱ्यांनाही नसणार. घोडा तरी आहे. योलोनं प्रार्थना रचली की वारशानं मिळवली, हा प्रश्न त्या दिवसानंतर माझ्यासाठी संपला.

रोजचं जगणं विचाराल तर ते फार साधं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पाट ठेवलाय. त्यावर त्या ऋतूत सापडलेलं काहीतरी असतं: आत्ता चेस्टनटची फळं आणि राखी बगळ्याचं एक पीस. शेजारी देव्हारा आहे, दोन्हींना एकाच काडीनं दिवा लागतो. सकाळी कामाच्या आधी मागच्या दारी उभं राहून पहिला पक्षी कुठला बोलतो ते ऐकते. हिवाळ्यात बहुधा रॉबिन असतो, तो थंडीतही गातो. आठवड्यातून काही वेळा कोट वॉटरच्या माझ्या हॉथॉर्नपाशी थांबते. डिसेंबरात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये पाचच्याही आधी. हा फरक मला आता तोंडपाठ आहे, त्यामुळे नोव्हेंबर अचानक येऊन आदळत नाही. 31 ऑक्टोबरला साविन. त्या संध्याकाळी मी बाबांचा फोटो बाहेर काढून ठेवते, त्यांना आवडायचा त्या गवती चहाची वाटी ठेवते, एक खुर्ची रिकामी ठेवते. पितृपक्षात भारतात भाऊ करतो ते वेगळं. इथे अंधार येतो तेव्हा मला ते करावंसं वाटतं. मेच्या सुरुवातीला पाकोळ्या आफ्रिकेतून येतात, आमच्या गल्लीवरून किंचाळत जातात, आणि ऑगस्ट उजाडला की नाहीशा होतात. त्या आल्या की मुलगी शाळेतून पळत येऊन सांगते.

दुःखही यातच आहे. ॲश झाडांना बुरशीचा रोग लागलाय. इथल्या रानांत तो 2012मध्ये पहिल्यांदा सापडला. तलावाकाठची तीन मोठी ॲश शेंड्याकडून वाळत गेली. नगरपालिकेला ती कापावीच लागली, खालून वाट जाते. कापायच्या आदल्या संध्याकाळी आमचा गट तिथे गेला. पूल-अभियंत्यांनी खोडाचा घेर मोजून लिहून ठेवला, मी ओवी म्हटली. मुलगी रडली. झाडावर इतकं प्रेम करायला शिकवून मी तिला त्रास दिला का, असं त्या रात्री मनात आलं. मावशीबाई म्हणाल्या, तिला आता तोडलेलं झाड दिसतं. आधी उभं असलेलंही दिसत नव्हतं.

बार्डचा टप्पा संपताना वर्षाचा आढावा लिहून पाठवायचा असतो. मी तो पाठवला, आणि आता ओव्हेटच्या धड्यांवर आहे. ओगम नावाची आडव्या-तिरप्या रेघांची जुनी आयरिश लिपी आहे, तिच्या अक्षरांना झाडं जोडलेली आहेत. त्या झाडांची गळून पडलेली एकेक काडी गोळा करते आहे. बर्च आणि रोवन मिळाली. पण या वर्षी माझा जास्त वेळ नदीत जातो. जगातल्या खडूच्या झऱ्यांच्या नद्या बहुतेक एकट्या इंग्लंडात आहेत, आणि केनेट त्यांतली एक. तिच्या काठावर काम करणारी एक संस्था स्वयंसेवकांना पाण्यातले किडे मोजायला शिकवते, कारण त्यांच्यावरून पाणी किती चांगलं आहे ते कळतं. मी आणि पोस्टमन शिकलो. लांब गमबूट घालून प्रवाहात उभं राहायचं, तीन मिनिटं पायानं तळ ढवळायचा, जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची. जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि आठ गटांतले जीव मोजायचे: कॅडिसचे दोन प्रकार, मेफ्लायचे चार, स्टोनफ्लाय आणि गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी. कॅडिसच्या एका प्रकारातली अळी खड्यांचं छोटं नळकांडं करून त्यात राहते. ते भिंगातून पाहिलं की किती वेळ गेला ते कळत नाही. या मोजणीवरून गुण काढतात; एकूण गुण ठरलेल्या आकड्याखाली गेले तर पर्यावरण खात्याला कळवायचं.

पाण्यात उतरण्याआधी मी नदीची परवानगी मागते, मनात, मराठीत. पोस्टमन त्याच्या पद्धतीनं मागतो. मग आम्ही तक्ता भरतो. यात अध्यात्म कुठलं आणि विज्ञान कुठलं असं आमच्या अभियंत्यांनी एकदा विचारलं होतं. मला ती दोन कामं वेगळी काढता येत नाहीत, आणि काढायचीही नाहीत. मागच्या उन्हाळ्यात कोळंबी एकदम कमी झाली, गुण खाली गेले. आम्ही कळवलं, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा कळवलं. शरदात ती परत दिसू लागली. कारण अजून कळलेलं नाही, म्हणून मोजणी चालू ठेवली आहे.

मुलगी आता स्टोनफ्लाय माझ्याआधी ओळखते. तिला शेपटीची दोन टोकं लगेच दिसतात. पुढच्या मोजणीला तिला काठावर बसून तक्ता भरायचं काम दिलंय, आणि वर्गातल्या मैत्रिणीलाही आणू का म्हणून तिनं विचारलंय. मी हो म्हटलं. दोघींच्या मापाचे गमबूट तेवढे शनिवारपर्यंत शोधायला हवेत.